चॉकलेट खावं की नाही? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या अंकात डार्क चॉकलेटवर चार ओळी काय लिहिल्या, मेसेजचा नुसता पाऊस पडला. निम्म्या लोकांना "खाऊ का?" विचारायचंय आणि उरलेल्यांना खाल्ल्यावर "आता काय होईल?" ते विचारायचंय. सगळ्यांना जागा देता येत नाहीये, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं छापत नाही, गाव पुरे.

"ताई, वय ७१, बीपीची गोळी चालू आहे. मुलगा अमेरिकेहून येताना ८५ टक्केवालं डार्क चॉकलेट घेऊन आला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की रोज दोन तुकडे खाल्ले की बीपी उतरतं. खरं आहे का? आणि इतकं कडू खायचं तरी कसं?" – एक काका, नौपाडा

काका, पहिलं म्हणजे गोळी चालूच ठेवा. मेसेज अगदीच थाप नाहीये पण अर्धवट आहे. कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हॅनॉल नावाची द्रव्यं असतात, त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं आणि वाहिन्या जरा सैल पडतात, इथपर्यंत खरं. पण किती फरक पडतो ते कोणी फॉरवर्ड करत नाही. २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून बघणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी असे ३५ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा बीपी सरासरी २ पॉइंटसुद्धा उतरलेलं नव्हतं, साधारण १.८. तुम्ही दोन जिने चढून आल्या आल्या बीपी मोजलंत तर याहून जास्त फरक दिसेल!

हार्टचं म्हणाल तर अमेरिकेत कॉसमॉस नावाचा मोठा अभ्यास झाला, तुमच्याच वयाची २१ हजारांवर माणसं, निकाल २०२२ मध्ये आले. हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे सगळं मिळून बघितलं तर ठामपणे सांगावा असा फायदा दिसला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी दिसले, म्हणजे आशा आहे पण शिक्कामोर्तब नाही. आणि गंमत अशी की त्या लोकांना चॉकलेट दिलंच नव्हतं, कोकोच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या होत्या, रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हॅनॉलच्या. वडीत ते किती उरतं हे रॅपरवर लिहिलेलं नसतं, कारण बिया आंबवताना, भाजताना बरंचसं उडून जातं. ८५ टक्के म्हणजे कोकोचा माल ८५ टक्के, त्यात कोको बटरही आलं, फ्लॅव्हॅनॉलची हमी नाही.

"रोज" या शब्दावरही माझा आक्षेप आहे. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक संस्थेने २०२२ मध्ये २८ डार्क चॉकलेटं तपासली, त्यातल्या २३ मध्ये शिसं किंवा कॅडमियम (दोन्ही शरीराला घातक धातू) इतकं निघालं की रोज साधारण २८ ग्रॅम खाल्लं तर त्यांनी धरलेली मर्यादा ओलांडली जाईल. कॅडमियम जमिनीतून झाडात येतं, शिसं मुख्यतः बिया उघड्यावर वाळवताना धुळीतून. घाबरायचं कारण नाही, पण एकच ब्रँड औषधासारखा रोज घेऊ नका.

म्हणून आवडतं म्हणून खा, बीपीसाठी नको. आणि चावू नका हो! छोटा तुकडा जिभेवर ठेवा आणि गप्प बसा. कोको बटर साधारण ३४ डिग्रीला वितळतं, तोंडातली ऊब त्याहून थोडी जास्त, त्यामुळे ते आपोआप पसरतं आणि कडूपणाच्या मागून आंबटसर, फळासारखी चव येते, ती चावून गिळणाऱ्याला कधीच कळत नाही. (याच गुणामुळे औषधवाले कोको बटर गुदमार्गे द्यायच्या गोळ्यांत वापरायचे, शरीरात गेलं की विरघळतं. आता हे वाचून चॉकलेट नको झालं तर मला बोलू नका.) ८५ फारच कडू लागत असेल तर मुलाला पुढच्या वेळी ६० वालं आणायला सांगा, नाही तर तुकड्याबरोबर एक भाजलेला बदाम ठेवा. जेवणानंतर २० ग्रॅम पुष्कळ झालं, तेवढ्यातच १२० कॅलरी होतात.

"मी खारघरला घरी चॉकलेट बनवून विकते. मे महिन्यात एका बर्थडेची ऑर्डर दिली, दोन दिवसांनी कस्टमरने फोटो पाठवला, सगळ्या चॉकलेटवर पांढरे डाग. म्हणे बुरशी आलीये, पैसे परत द्या. मी फ्रेश माल दिला होता हो!" – एक होम शेफ

अगं, बुरशी नव्हे बहुतेक, ब्लूम आहे, म्हणजे चरबी किंवा साखर वर येऊन बसलेला पांढरा थर. नुसत्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच त्यामुळे बुरशीला जगायला काही मिळत नाही. (आत ओलं खोबरं, गुलकंद किंवा फ्रेश क्रीमचं गनाश भरलं असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा मात्र कस्टमरचं म्हणणं नीट तपास.) ब्लूम दोन तऱ्हेचा असतो. डागावर बोट धरून ठेव, बोटाच्या उबेने तो चकचकीत होऊन गायब झाला तर चरबीचा. खरखरीत लागला, गेला नाही आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर विरघळला तर साखरेचा.

चरबीचा का येतो? कोको बटर थिजताना सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी स्फटिक बनवतं आणि त्यातली पाचवी तऱ्हा आपल्याला हवी असते, तीच कटकन मोडते, तिलाच चमक असते. ती मिळवायला टेम्परिंग करावं लागतं: डार्क असेल तर ४५ ते ५० डिग्रीपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणून मोल्डमध्ये ओतायचं. थर्मामीटर घे, ओठाला लावून अंदाज घेणं मे महिन्यात चालत नाही. आणि एवढं सगळं नीट केलंस तरी खारघरच्या उन्हात डिलिव्हरीवाल्याच्या बॅगेत तासभर फिरलं की ते आतून परत वितळतं, मग हवं तसं थिजतं आणि चरबी वर येऊन बसते.

साखरेचा ब्लूम हा फ्रिजचा प्रताप. थंडगार डबा बाहेर काढून लगेच उघडला की आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी चॉकलेटवर जमतं, वरची साखर त्यात विरघळते आणि पाणी सुकलं की पांढरी पूड राहते. कस्टमरला पॅकिंगवरच लिहून दे: हवाबंद डब्यात ठेवा, बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास डबा उघडू नका. दोन्ही ब्लूम खाल्ल्याने काही होत नाही, फक्त चव आणि रूप जातं.

आणि एक विचारू का? तू वापरतेस ती कोको बटरवाली कुव्हर्चर की कंपाउंडची स्लॅब? घरगुती चॉकलेटवाल्यांपैकी पुष्कळजण कंपाउंड वापरतात, त्यात कोको बटरच्या जागी पाम कर्नलसारखं तेल प्रक्रिया करून घातलेलं असतं, टेम्परिंगची कटकट नाही, उन्हातही जरा जास्त टिकतं. वापरणं गैर नाही, पण मग बॉक्सवर "प्युअर डार्क, हार्टसाठी उत्तम" असलं काही लिहू नकोस. ते वाचून नौपाड्याचे काका घेतील. पैशांचं म्हणशील तर मी अर्धे परत करीन आणि पुढच्या ऑर्डरला डिस्काउंट देईन, कस्टमर टिकला पाहिजे ना.

"तोच चॉकलेट केक, तीच रेसिपी, तोच ओव्हन. या वेळी महागातली, गडद रंगाची कोको पावडर आणली तर केक फुगलाच नाही, वर सोड्याचा वास!" – ऐरोली

पावडरीच्या मागची बारीक अक्षरं वाचा, अल्कलाइज्ड किंवा डच प्रोसेस्ड लिहिलेलं सापडेल. हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याने एकोणिसाव्या शतकात काढलेली ही पद्धत, कोकोला अल्कली (आंबटाच्या उलट, सोड्यासारखं क्षारयुक्त द्रव्य) लावली की आंबटपणा जातो, रंग गडद होतो आणि दुधात छान मिसळतो. पण खाण्याच्या सोड्याला फुगायला आंबटच लागतं. साध्या कोकोत ते होतं, या नवीनमध्ये नाही, म्हणून सोडा तसाच पडून राहिला. रेसिपीत नुसता सोडा असेल तर साधी कोको घ्या, नाही तर डच कोकोबरोबर बेकिंग पावडर घाला किंवा दुधाऐवजी ताक वापरा. आणि अल्कलीने फ्लॅव्हॅनॉलही बरेच मरतात, त्यामुळे "गडद म्हणजे जास्त पौष्टिक" हे इथे बरोबर उलटं आहे.

"नात बर्थडे पार्टीहून आली की रात्री अकरापर्यंत उड्या मारते. सून म्हणते शुगर चढली." – आजी, घोडबंदर रोड

आजी, साखरेने मुलं चेकाळतात हा समज जगभर आहे. पण १९९५ मध्ये मुलांवरचे असे प्रयोग एकत्र करून बघितले होते, कोणाला साखर दिली ते कोणालाच माहीत नाही अशा पद्धतीने केलेले, त्यात वागण्यात फरक सापडला नाही. पंधरा पोरं, फुगे, डीजे आणि झोपेची टळलेली वेळ, एवढं पुरे आहे की उड्या मारायला! डार्क चॉकलेटमध्ये थोडं कॅफीन असतं खरं, १०० ग्रॅमला साधारण ८० मिलिग्रॅम, मिल्क चॉकलेटमध्ये त्याहून बरंच कमी. मला काळजी दातांची वाटते. मिल्क चॉकलेट जवळजवळ निम्मं साखरच असतं. एकदाच देऊन टाका, दिवसभर एक-एक गोळी चघळायला नको, आणि ब्रश केल्यावर तर नकोच.

आता भराभर.

किडनी स्टोनवाल्या वाशीच्या दादांना: खडे ऑक्सलेटचे असतील तर कोको आणि डार्क चॉकलेट दोन्ही आवरा, त्यात ऑक्सलेट भरपूर असतं.

ॲसिडिटीवाल्या कळव्याच्या ताईंना: होय, चॉकलेटने जळजळ वाढू शकते, अन्ननलिकेच्या खालची झडप सैलावते म्हणून. रात्री झोपताना तर खाऊच नका.

"शुगर फ्री खाऊन पोट बिघडलं" म्हणणाऱ्या बेलापूरच्या वाचकांना: त्यात माल्टिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) असणार. जास्त झालं की जुलाब होतात. शिवाय चरबी आणि कॅलरी आहेतच, डायबिटीसवाल्यांनी मोकळं रान समजू नये.

आणि "कुत्र्याने अख्खा बार खाल्ला, काय करू?" असं विचारणाऱ्या नेरुळच्या मुलाला: मासिकाला कसले मेसेज करतोस बाबा, आधी व्हेटला फोन! कोकोतलं थिओब्रोमीन कुत्र्यांच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं, उलट्या, धडधड, झटके असं काहीही होऊ शकतं आणि लक्षणं कधी कधी काही तासांनी दिसतात, म्हणून "आत्ता तर ठीक दिसतोय" म्हणून बसून राहायचं नाही. डार्क असेल तर धोका जास्त. रॅपर टाकू नकोस, कोको किती टक्के आणि बार किती ग्रॅमचा हे व्हेट लगेच विचारतील, कुत्र्याचं वजनही सांगावं लागेल.