हलकं बीसीडी घेऊ का? ताई, आधी डाइव्ह मोजा

शाहूपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आलाय, थोडक्यात सांगतो. वय ३४, स्वतःचं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक, मिस्टर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला, घराचा हप्ता चालू. चार वर्षांपूर्वी स्कुबा शिकल्या, आत्तापर्यंत ३८ डाइव्ह झाल्यात. आता त्यांना स्वतःचं बीसीडी घ्यायचंय, म्हणजे ते हवा भरायचं जॅकेट ज्याला पाठीमागं सिलिंडर बांधतात. प्रवासासाठीचं हलकं मॉडेल, २.२ किलोचं. दुकानदार म्हणतो नो-कॉस्ट ईएमआयवर ४६,००० आणि रोख दिले तर ४४,०००. दुसरा पर्याय गोव्यातल्या एकाकडचं वापरलेलं जॅकेट १५,००० ला. तिसरा, सिंगापूरहून येणारा मित्र आणून देईल. मिस्टर म्हणतात, भाड्यानं मिळतंय की, कशाला पाहिजे. आणि ताईंचं म्हणणं असं की दरवेळी भाडं वाचेल, बॅगेचं वजन वाचेल, म्हणजे ही एक बचतच झाली ना?

ताई, बचत नाही हो ही. खर्च आहे, आणि खर्च म्हणून बघितला तर कदाचित चांगला खर्च आहे, पण "बचत" म्हणून घरात मांडायला जाल तर मिस्टर पाच मिनिटांत हिशोबात पकडतील, कारण मी पण पकडला.

आधी वजनाचं बघू कारण तुमचा सगळा भर त्याच्यावर आहे. तुम्ही लिहिलंय की मागच्या अंदमान ट्रिपला बॅग साडेसतरा किलो भरली, पंधराच्या वर गेली म्हणून काउंटरवर जादा पैसे भरावे लागले, म्हणून हलकं बीसीडी. पण त्या साडेसतरा किलोत बीसीडी होतं कुठं? फिन्स (पायाला लावायचे पंखे), मास्क, ३ मिलिमीटर जाडीचा रबरी वेटसूट, खोली-वेळ दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि बाकी कपडे, बीसीडी तर तिथलं भाड्याचं वापरलं तुम्ही. म्हणजे आज तुमच्या बॅगेत बीसीडीचं वजन शून्य आहे आणि तुम्ही ४४,००० देऊन ते २.२ करणार. नेहमीचं जॅकेट साडेतीन-चार किलो भरतं त्याच्यापेक्षा हे हलकं, कबूल, पण ज्याच्याकडं ते जड जॅकेट आधीपासून आहे त्याची बचत झाली, तुमची नाही. शिवाय २.२ हे कोरडं वजन, आणि कुठल्या साइजचं ते पण विचारा. परत येताना आतल्या हवेच्या पिशवीत, म्हणजे ब्लॅडरमध्ये, पाणी राहतं, पॅडिंग ओलं असतं, त्याचं वेगळं वजन भरतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी १८ तास तरी थांबायला सांगतात, तर तो शेवटचा दिवस जॅकेट पंख्याखाली वाळवायला मिळतो.

आता भाडं. तुम्हीच दिलेल्या माहितीप्रमाणं अंदमानात आणि कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला स्वतःचं बीसीडी नेलं तर दिवसाला ३०० रुपये कमी करतात. तारकर्लीला तर पॅकेजमध्येच सगळं असतं, तिथं काहीच कमी होत नाही. पुढच्या वर्षीचा तुमचा प्लॅन १४ डाइव्हचा, त्यात अंदमानचे चार दिवस आणि मुरुडेश्वरहून नेत्राणीचे दोन, म्हणजे सहा दिवसांचे १,८०० सुटले. नुसत्या भाड्यावर ४४,००० वसूल व्हायला चोवीस-पंचवीस वर्षं लागतील, तेवढं जॅकेट टिकत नाही.

मग खरा हिशोब काय, तर मी असा मांडला. ४४,००० ची खरेदी, आठ वर्षं वापर, दरवर्षी तपासणी-सर्व्हिस आणि त्याचं कुरिअर मिळून १,५०० धरले (कोल्हापुरातून गोव्याला नाहीतर मुंबईला पाठवायचं म्हणजे तेवढे जाणारच) तर १२,००० झाले, एकूण ५६,०००. शेवटी विकताना ८,००० आले तर निव्वळ ४८,०००, वर्षाला ६,०००. त्यातून भाड्याचे १,८०० वजा करा, राहिले ४,२००, भागिले १४ डाइव्ह, म्हणजे एका डाइव्हला ३०० रुपये. ही तुमच्या आरामाची किंमत. तुम्ही एका डाइव्हला तीन हजाराच्या वर देता, त्याच्यावर ३०० जास्त देऊन अंगाला नीट बसणारं जॅकेट मिळत असेल तर मी नको म्हणणार नाही.

पण ताई, इथंच गोम आहे. तुमचे ३८ डाइव्ह मी वर्षाप्रमाणं लावून बघितले. पहिल्या वर्षी २२, दुसऱ्या वर्षी ४, मग ६ आणि ६. म्हणजे शिकायच्या नादात भरपूर झाले आणि नंतर संसार, क्लिनिक, सुट्ट्या, जे सगळ्यांचं होतं ते. पुढं पण वर्षाला ६ च झाले तर तीन दिवसांचे ९०० सुटतात, राहिले ५,१००, भागिले ६, म्हणजे डाइव्हला ८५०. तेच जॅकेट, तोच रंग, पण ३०० चं ८५० झालं. तर प्रश्न बीसीडीचा नाहीच, प्रश्न १४ का ६ हा आहे. आमच्याकडं माळ्यावर एक ट्रेडमिल आहे, तिचा भागाकार मी अजून केलेला नाही.

हेच पैसे म्युच्युअल फंडात टाकले असते तर आठ वर्षांत किती झाले असते वगैरे मी काढणार नाही. तो हिशोब लावला तर माणसानं मिसळ पण खाऊ नये.

आता आरामाचं, कारण तुमच्या मेलमधलं मला पटलेलं वाक्य हेच, की भाड्याचं जॅकेट पाण्यावर आलं की वर सरकतं, पार कानापर्यंत येतं, आणि बरगड्यांना आवळतं. माझा भाचा मालवणला डाइव्हमास्टर आहे, म्हणजे लोकांना पाण्याखाली घेऊन जातो, मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, हलक्या आसा म्हणान घेव नको, अंगाक बसता काय ता बघ." त्याचं म्हणणं, भाड्याची जॅकेटं बहुतेक पुरुषांच्या मापाची असतात, उंचीनं कमी असलेल्या बाईला धड लांब पडतं आणि कंबरपट्टा पोटाऐवजी भलतीकडंच बसतो, मग वर सरकणारच. बायकांच्या मापाचं किंवा खांद्याचे पट्टे नीट जुळवता येणारं घेतलं तर हा त्रास जातो. दुकानात नुसतं आरशात बघून घेऊ नका, वेटसूट घालून ट्राय करा, पूर्ण फुगवा, आणि कुणाला तरी मागून खांद्याला धरून वर उचलायला सांगा, तिथंच कळतं कानापर्यंत येतंय का ते. फुगवल्यावर श्वास घेताना बरगडी दबली तर ते तुमचं नव्हे.

हलक्या मॉडेलमध्ये वजन कुठून कमी केलंय हे पण बघायचं. पाठीमागची कडक प्लेट काढून मऊ पॅड दिलेलं असतं, काहींना सिलिंडरचा पट्टा एकच असतो, रिंगा स्टीलच्या ऐवजी प्लॅस्टिकच्या, खिसे लहान. ह्यातलं मऊ पाठ असल्यामुळं घडी घालून बॅगेत मावतं ही सोय, पण त्यामुळंच सिलिंडर (टँक) पाण्यात थोडा डुलतो ही गैरसोय. हवा सगळी पाठीकडं भरणारं असेल तर पाण्याखाली आडवं राहायला लई बरं, फक्त वर आल्यावर तोंडावर ढकलल्यासारखं होतं, सवय लागते. हलक्या जॅकेटची पाण्यात वर उचलून धरायची ताकद कमी असेल का ही तुमची भीती होती, तर भाच्यानं सांगितलं, ॲल्युमिनियमच्या भरलेल्या टँकमध्ये हवेचंच वजन अडीच-पावणेतीन किलो, खाली गेल्यावर ३ मिलिमीटरचा सूट दबून दीड-दोन किलोचं तरंगणं जातं, सगळं धरून जॅकेटला उचलायला लागतं ते पाच किलोच्या आत. दहा-बारा किलो उचलणारं जॅकेट आपल्या कोमट समुद्राला रगड झालं, वरती डोकं पाण्याबाहेर ठेवायला पण पुरतं. पाण्यात खाली जायला कमरेला लावायची शिशाची वजनं तिथंच मिळतात, ती काय कोल्हापुरातून न्यायची नाहीत.

आणि एक बारीक गोष्ट जी मला माहीतच नव्हती. तुम्ही रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं यंत्र, भाड्याचाच वापरणार. त्याच्यावरून येणारा हवेचा पाइप तुमच्या जॅकेटच्या इन्फ्लेटरला (बटण दाबून हवा भरायच्या नळीला) बसला पाहिजे. बहुतेक ठिकाणी जोड सारखाच असतो, पण काही मॉडेलचा वेगळा असतो, आणि तो वेगळा निघाला तर ४४,००० चं जॅकेट हॉटेलच्या रूमवर आणि तुम्ही परत त्या कानापर्यंत येणाऱ्यात. घ्यायच्या आधी जोडाचा फोटो काढून तिथल्या लोकांना पाठवा.

१५,००० चं वापरलेलं मी सोडून देईन. स्वस्त आहे म्हणून नाही, तर तुम्हीच लिहिलंय की ते पुरुषांचं मीडियम आणि पावणेचार किलोचं आहे, म्हणजे ज्या त्रासासाठी घ्यायचं तोच त्रास विकत घ्यायचा. उद्या दुसरं कुठलं जुनं बघायला गेलात तर पूर्ण फुगवून रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी ढिलं पडलं तर निघून या. इन्फ्लेटरचं बटण दाबून सोडलं की टक्कन वर आलं पाहिजे, आत मीठ साठून ते अडकत असेल तर खाली असताना जॅकेट आपोआप फुगत राहतं आणि माणूस वर फेकला जातो, तिथं पैशाचा विषय नाही.

नो-कॉस्ट ईएमआय. २,००० चा फरक दुकानदारानं स्वतःच सांगितला ना, तेच व्याज. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच सांगून ठेवलंय की शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे साधारण ३६०, आणि प्रोसेसिंग फी वेगळी. मित्राकडून मागवलं तर ड्युटी फ्रीची मर्यादा त्याच्या सगळ्या सामानाला मिळून असते, त्यानं स्वतःसाठी काय घेतलंय त्याच्यावर सगळं. पैसे तुमच्या कार्डानं भरले तर परदेशी चलनाचा तीन-साडेतीन टक्के मार्कअप, आणि वॉरंटी इथं चालेल का ते दुकानाकडून लिहून घ्यावं लागेल. शिवाय ट्राय न करता घेणार, मग मुद्दाच संपला.

आता तुमच्या पैशाचं. घरखर्च हप्त्यासकट महिना ४५,००० आणि बाजूला ९०,०००, म्हणजे दोन महिने. मिस्टरांचा पगार फिक्स आहे पण तुमचं क्लिनिक नाही. तुम्हीच लिहिलंय, २०१९ च्या पुरात पंधरा दिवस शटर बंद होतं आणि २०२१ ला परत तेच. पंचगंगा तुमच्या ट्रिपची तारीख विचारून येत नाही. त्या ९०,००० मधून ४४,००० काढले तर एक महिना उरतो, त्याला मी हो म्हणणार नाही, कितीही हलकं असू दे.

तुमच्याकडं महिन्याला १४,००० सुटतात, त्यातले ५,००० एसआयपीत जातात ते जाऊ देत. राहिलेल्या ९,००० पैकी ५,००० इमर्जन्सीच्या खात्यात आणि ४,००० ची वेगळी आरडी. अकरा महिन्यांत आरडीत ४४,००० आणि वर थोडं व्याज, आणि तिकडं ९०,००० चे १,४५,००० होतात, तीन महिन्यांच्या वर. ह्या सीझनला भाड्याचंच वापरा, पण निघायच्या आधी फोन करून बायकांच्या मापाचं एक्स्ट्रा स्मॉल ठेवायला सांगा, बऱ्याच ठिकाणी असतं, मागितल्याशिवाय काढत नाहीत. मे महिन्यात समुद्र बंद व्हायच्या आधी लॉगबुक, म्हणजे डाइव्हची नोंदवही, उघडा. १० च्या वर डाइव्ह झाले असतील तर आरडी पूर्ण झाली की रोख देऊन घ्या, माझ्याकडून हो, मिस्टरांना हा मेल दाखवा. ५-६ वरच अडकला असाल तर तेच ४४,००० घेऊन अंदमानला जा, त्यात चांगली ट्रिप होते, आणि डाइव्हचा आकडा पण वाढतो.

आधी घेतलंत असतं तर अजून एक झालं असतं, जून ते सप्टेंबर ते जॅकेट कोल्हापूरच्या पावसाळी हवेत कपाटात बसलं असतं, आणि आपल्याकडं जुलैत चामडी चप्पलेला पण बुरशी येते. घ्याल तेव्हा गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धुवून, सावलीत वाळवून, थोडी हवा भरून हँगरला लावा.

आणि त्या सिंगापूरच्या मित्राला आजच नको म्हणून कळवा, तो बिचारा बॅगेत जागा करून बसला असेल.