लष्करी विमानांच्या इंजिनात अजूनही हॅलॉनच का? दुसरा वायू भरायला इतकं काय अवघड आहे?

‘दुसरा वायू भरायला इतकं काय अवघड आहे’ हे वाचलं आणि गप्प बसवेना. हवाई दलात वीस वर्षं एअरफ्रेम फिटर होतो, त्यातली बरीचशी वाहतूक विमानांवर गेली. इंजिनाच्या फायर बॉटल, म्हणजे आग विझवणारा हॅलॉन वायू भरलेल्या बाटल्या, किती उतरवल्या आणि किती चढवल्या याची मोजदाद नाही.

आधी उत्तर देऊन टाकतो. वायू बदलता येतो, अमेरिकेने काही विमानांत बदललाही आहे. पण बाटली, नळ्या, नोझल सगळं तेच ठेवून नुसता वायू बदलता येत नाही. आणि जी विमानं आज उडताहेत त्यांच्यात तो बदलायच्या भानगडीत पडूच नये, असं माझं मत आहे.

आता मला जे सांगायचंय ते.

१९९७ चा डिसेंबर, ईशान्येकडचा एक तळ. पहाटेची सॉर्टी, म्हणजे उड्डाण होतं. हात सुन्न होतील अशी थंडी, टॉर्चच्या उजेडात मी तपासणी करत होतो. उजव्या इंजिनाची बाटली आदल्या दिवशी शॉपमधून भरून आली होती. गळ्यात नवा टॅग, खाली सही. गेजचा काटा हिरव्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर.

आणि मला तिथेच खटकलं. बाटलीत द्रवरूप हॅलॉन असतो आणि तो जोराने बाहेर फेकला जावा म्हणून वर नायट्रोजनचा दाब भरलेला असतो. थंडीत हा दाब उतरतो. तापमान आणि दाबाचा तक्ता आम्हाला तोंडपाठ असायचा. त्या पहाटे काटा पट्ट्याच्या खालच्या टोकाला टेकलेला हवा होता. तो भर दुपारी असावा तसा मधोमध होता, म्हणजे आत नायट्रोजन जास्त होता. का जास्त होता? बाटली गळत असणार, काटा उतरला असणार, आणि कुणीतरी हॅलॉन न भरता वरून नायट्रोजन मारून काटा जागेवर आणला असणार.

बाटली फोडणाऱ्या स्फोटक कार्ट्रिजचा कनेक्टर मी काढला, ती चुकून उडू नये म्हणून शॉर्टिंग कॅप लावली आणि बाटली उतरवायला घेतली. तेवढ्यात आमचे वॉरंट साहेब आले. माणूस साताऱ्याकडचा, पण ड्युटीवर हिंदीतच बोलायचे. “गेज ग्रीन में है, टॅग पे साइन है, और क्या चाहिए तेरे को?” मी म्हटलं, साहेब, वजन करायचंय. विमान थांबलं. मी बाटली खांद्यावर घेऊन काट्यावर ठेवली. टॅगवरच्या वजनापेक्षा ६४० ग्रॅम कमी! भरण अडीच किलोच्या आसपासचं, म्हणजे चौथा हिस्सा गायब. स्टोअरमधून दुसरी बाटली काढून, तिचंही वजन करून चढवेपर्यंत दोन तास गेले. उशीर माझ्या नावावर लागला. गळक्या बाटलीवर टॅग बांधणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

पुण्यात आम्ही माजी सैनिक दर वर्षी भेटतो. साहेब येतात, प्रेमाने पाठीवर हात ठेवतात आणि अजून तेच विचारतात, “दोन तास विमान थांबवलंस, त्या इंजिनाला आग लागली का रे कधी?” नाही लागली. पण बाटलीत काहीतरी भरलेलं आहे ना, मग झालं, हा हिशेबच चुकीचा आहे, आणि तुमच्या प्रश्नातही तोच दडलाय, म्हणून एवढं लिहिलं.

इंजिनाच्या कवचात हवा सतत वाहत असते. सोडलेला वायू तिच्याबरोबर लगेच बाहेर निघून जातो. शिवाय आत तापलेला धातू असतो आणि फुटलेल्या नळीतून इंधनाचा फवारा येत असतो. म्हणून प्रवासी विमानांच्या चाचणीत कवचात १२ ठिकाणी संवेदक बसवतात आणि बाराही ठिकाणी एकाच वेळी किमान अर्धा सेकंद हॅलॉनचं प्रमाण ६ टक्के मिळालंच पाहिजे असा निकष आहे. अकरा ठिकाणी मिळालं आणि एखाद्या ब्रॅकेटमागे नाही मिळालं, तर ज्वाळा तिथेच तग धरते आणि पुन्हा पसरते. मग सांगा, चौथा हिस्सा कमी भरलेली बाटली हा निकष कशी गाठणार?

आता पर्यायांकडे. हॅलॉन १३०१ मधला ब्रोमीन ज्वाळेतले हायड्रोजनचे अणू पकडतो, त्यातून सुटतो आणि पुन्हा पकडतो, त्यामुळे थोडक्या वायूत काम होतं. पण हाच ब्रोमीन वर जाऊन ओझोन खातो. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १ जानेवारी १९९४ पासून हॅलॉनचं उत्पादन बंद केलं. अमेरिकी लष्कराने राइट-पॅटरसन तळावर इंजिन कवचाच्या प्रतिकृतीत आगी लावून लावून पर्याय तपासले आणि एचएफसी-१२५ निवडला. सुपर हॉर्नेट, एफ-२२ आणि व्ही-२२ ऑस्प्रे यांच्या इंजिनांसाठी तोच आहे. त्यात ब्रोमीन नाही. तो मुख्यतः उष्णता शोषून आग विझवतो, म्हणून हॅलॉनच्या दुप्पट-तिप्पट लागतो. मोठी बाटली, जाड नळ्या, वेगळे कंस. या विमानांचा आराखडा कागदावर असतानाच जागा सोडली होती, म्हणून ते जमलं. तीस वर्षं जुन्या विमानात ती जागा आणायची कुठून?

थंडीचंही बघा. ११ किलोमीटर उंचीवर बाहेर उणे ५६ अंश असतात. हॅलॉन १३०१ उणे ५८ ला उकळतो, म्हणजे तिथेही त्याची वाफ होते. एचएफसी-१२५ उणे ४८ ला उकळतो, सीएफ३आय हा आणखी एक पर्याय उणे २२ ला. संगणक कक्षांत वापरतात तो नोवेक १२३० तर अधिक ४९ ला! खोलीत तो उत्तम आहे, थिजलेल्या इंजिन कवचात अर्ध्या सेकंदात पसरायला अवघड. त्यात तो बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २०२५ अखेर पीएफएएस गटातली (सहज न विघटणारी फ्लोरीनयुक्त) रसायनं बनवणं बंद करायचं जाहीर केलं. आणि एचएफसी-१२५ स्वतः कार्बन डायऑक्साइडच्या तीन हजार पटींहून जास्त उष्णता धरतो, म्हणून माँट्रियल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीत तोही कपातीच्या यादीत आहे. जुनं विमान कापून तो बसवायचा आणि नंतर तोही मिळेनासा व्हायचा, यात शहाणपण नाही.

म्हणून म्हणतो, जुन्या विमानांत पुनर्प्राप्त केलेला, म्हणजे जुन्या बाटल्यांतून काढून घेतलेला हॅलॉनच जपून वापरा. दिल्लीत डीआरडीओच्या सीएफईईएस या अग्निसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेत त्यासाठी राष्ट्रीय हॅलॉन बँक आहे. जगभर हॅलॉन आगीत जितका खर्च झाला त्याहून कितीतरी जास्त चाचण्यांत, गळतीत आणि चुकून उडालेल्या बाटल्यांत गेला. चाचणीआधी बाटली मैदानात नेऊन मोकळी करताना मी स्वतः पाहिलंय. पांढरा ढग उठायचा, मिनिटभरात नाहीसा व्हायचा. “एवढ्याने काय होतंय” असं तेव्हाही म्हणत. प्रत्येक बाटली रिकामी करताना वायू यंत्राने ओढून घ्या, आणि प्रत्येक तपासणीला गेज बघून न थांबता वजन करा. पर्यायाची चर्चा त्यानंतर.

दोन गोष्टी राहिल्या. मी लढाऊ विमानांवर काम केलेलं नाही, माझं बोलणं वाहतूक विमानांवरून आहे. रशियन बनावटीच्या विमानांत हॅलॉन २४०२ असतो, त्याचे आकडे वेगळे. आणि तुम्ही स्वतः या कामात असाल तर माझं नाही, तुमच्या विमानाचं मॅन्युअल प्रमाण.

साहेब, तुमच्या नातवाने हे तुम्हाला वाचून दाखवलं तर एवढंच सांगतो. आग लागली नाही हे खरं. पण ६४० ग्रॅम कमी होते, हेही तितकंच खरं. पुढच्या भेटीत त्याच्यावर बोलू.