वाचकांचे प्रश्न: दीड दिवसात आंबोलीचे धबधबे

प्रश्न: ऑगस्टमध्ये सावंतवाडीला घरगुती कार्यासाठी जाणार आहे. मधे दीड दिवस मोकळा आहे. आंबोलीत कोणते धबधबे गाठावेत? डीएसएलआर, १८-५५ लेन्स आणि ट्रायपॉड आहे, फिल्टर एकही नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर: यादी मोठी करू नका. मुख्य धबधबा, नांगरतास आणि कावळेसाद ही तीन ठिकाणं पुरे. आंबोलीत पावसापेक्षा धुकंच जास्त वेळ खातं. पाच ठिकाणं धरून निघालात तर पाचही ठिकाणी पांढरा पडदा पाहून परत याल. एकाच जागी दोनदा जायला वेळ ठेवा.

मुक्काम आंबोली गावातच करा. सावंतवाडीहून घाट चढायचा तर सुमारे तीस किलोमीटर आहे आणि पहाट त्यातच जाते. मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच लागून आहे. दहानंतर पायऱ्यांवर आंघोळीची गर्दी असते, शनिवार-रविवारी तर गाड्यांची रांग लागते. म्हणून साडेसहाला तिथे हजर राहा. रस्त्यावरून अख्खा धबधबा घेण्याचा मोह आधी उरकून घ्या, कारण तो फोटो सगळ्यांकडे असतो. मग झूम ५५ वर नेऊन काळा कातळ, त्यावरचं शेवाळ आणि पाण्याची एकच धार एवढंच चौकटीत घ्या. विजेच्या तारा, कठडे, भजी-कणसाच्या टपऱ्या आपोआप बाहेर राहतात.

पाणी रेशमासारखं दिसायला शटर १/४ ते १ सेकंद उघडं राहावं लागतं. दाट ढगाळ उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला (एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) ते साधारण १/३० येतं, म्हणजे अपुरं. एफ/२२ पर्यंत बंद करत गेलात तर फोटोचा रेखीवपणा जातो. एफ/१६ च्या पुढे नको. एकच फिल्टर घेणार असाल तर पोलरायझर घ्या. तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), त्यामुळे शटर एफ/११ ला १/८ आणि एफ/१६ ला १/४ च्या आसपास येतं. शिवाय ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी काढून टाकतो, आणि पावसाळी फोटोत खरा फरक त्यानेच पडतो. घेण्याआधी लेन्सवर लिहिलेला व्यास पाहा. बऱ्याच १८-५५ लेन्सना ५२, ५५ किंवा ५८ मिलिमीटरचा बसतो, पण कॅपच्या मापावर अंदाज करू नका.

नांगरतास धबधबा आंबोली गावापासून साधारण दहा किलोमीटरवर, बेळगावच्या दिशेला. इथे पाणी अरुंद घळईत कोसळतं आणि आपण वरून पाहतो. घळईत उजेड कमी असल्याने फिल्टरशिवायही लांब शटर मिळतं. ट्रायपॉड मात्र लोक चालतात अशा लोखंडी प्लॅटफॉर्मवर लावू नका. एक माणूस शेजारून गेला तरी थरथर येते आणि फोटो हलतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सावरणारी सोय) बंद करा.

कावळेसादला, म्हणजे दरीच्या कड्यावर, उलटा हिशेब. दरीतून येणारा वारा पाणी वर फेकतो, म्हणून शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान हवं, नाहीतर उडणाऱ्या थेंबांचा नुसता धूर दिसतो. ट्रायपॉड गाडीतच राहू द्या. मागे गडद कातळ येईल अशा बाजूने उभे राहा. मागे आभाळ असलं तर पांढऱ्यावर पांढरं होतं. धुकं असलं तर अर्धा-पाऊण तास थांबून बघा, पडदा मधेच पाच मिनिटं उघडतो. कठड्याबाहेर पाऊल नको. तिथली शेवाळलेली जमीन आणि वारा, दोन्ही बेभरवशाचे.

एक्स्पोजरला (फोटो किती उजळ येतो त्याला) एक खोच आहे. काळ्या कातळात पांढरी धार असेल तर कॅमेरा पाणी नुसतं पांढरंफटक करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −०.७ ठेवा. चौकट धुक्याने भरली की तोच कॅमेरा सगळं करडं करतो, तिथे +०.७. रॉ मध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा.

प्रश्न: गाडीतून उतरलं की लेन्सवर बाष्प धरतं. पुसलं तरी परत येतं.

उत्तर: एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं बाष्प साचतं, म्हणून पुसून उपयोग नाही. पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करून काचा थोड्या खाली घ्या. लेन्स मात्र तिथे काढू-बदलू नका, बाष्प आत गेलं तर दिवस गेला. पुसायला मायक्रोफायबरची चार-पाच फडकी ठेवा. एकदा भिजलेलं फडकं फक्त पाणी पसरवतं. कॅमेऱ्यावर आंघोळीची प्लास्टिक टोपी उत्तम बसते.

प्रश्न: माझ्याकडे फक्त आयफोन आहे. पाणी रेशमी दिसेल का?

उत्तर: दिसेल. लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, बटण दाबण्याआधी आणि नंतर दोन-दोन सेकंद फोन अजिबात हलवू नका. मग फोटो उघडून ‘लाइव्ह’च्या पर्यायांतून ‘लाँग एक्स्पोजर’ निवडा. कडा थोड्या कापल्या जातात, म्हणून चौकट सैल ठेवा. वाऱ्याने हलणारी झाडं मात्र पुसट होणारच, त्यामुळे कातळ जास्त आणि पानं कमी असं दृश्य शोधा.