मी ग्रुपमध्ये सगळ्यात मागे पडेन अशी भीती वाटते. तरी गडावर जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की वय 26, गाव निपाणी, नोकरी बेळगावात उद्यमबागेत. चार माणसांत बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. कारखान्यातली मुलं रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर जातात, तुम्हालाही बोलावतात. पण वजन जास्त, आपण मागे पडू, आपल्यामुळे सगळे खोळंबतील, या लाजेनं तुम्ही दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळता. आणि विचारलंय, अशा भटकंतीनं आत्मविश्वास खरंच वाढतो का.

वाढतो. मी नऊ वर्षं जातेय, त्यावरून सांगते. पण माथ्यावर पोचून फोटो काढल्यानं तो वाढतो असं मला वाटत नाही. ग्रुपमधलं एखादं काम तुमच्यावाचून अडायला लागतं, तेव्हा तो वाढतो.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. वर्गात 40 मुलांसमोर दिवसभर बोलते, तिथं कधी अडखळले नाही. पण शिक्षकांच्या बैठकीत, लग्नकार्यात, कुठल्याही कचेरीत मोठ्या माणसांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की छाती धडधडायची आणि मी गप्प बसायची. हे सांगते कारण ‘मुळातच बोलका माणूस आणि मुळातच बुजरा माणूस’ असं काही नसतं. एका जागी धीट असलेला माणूस दुसऱ्या जागी पार मिटून जातो. तुम्हीही कारखान्यात मशीनपुढे उभे असताना घाबरत नसाल.

वयाच्या बत्तिसाव्या वर्षी शेजारच्या वैनी मला महिपाळगडाला घेऊन गेल्या. डिसेंबरचा महिना, आम्ही 17 जण. बेळगावातून निघून देवरवाडीला वैजनाथाच्या देवळापाशी गाड्या लावल्या. कर्नाटक संपून चंदगड तालुका कधी लागला ते कळलंसुद्धा नाही, पाट्यांवरची लिपी बदलली एवढंच. देवळापासून गडाकडे चढण सुरू झाली आणि वीस मिनिटांत मी सगळ्यांच्या मागे. कानात ठोके ऐकू येत होते. वैनी पुढे गेलेल्या. मी एका दगडावर बसले आणि ठरवलं की आता इथूनच परत जायचं.

माझ्याही मागे एक जण होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले काका. ते मुद्दाम शेवटी चालायचे. ते म्हणाले, ‘‘बाई, ग्रुपचा वेग म्हणजे शेवटच्या माणसाचा वेग. तुम्ही चाला, पुढचे थांबतील.’’ मग एक साधी गोष्ट शिकवली. चढताना एक अख्खं वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर पाय भरभर पडताहेत, पावलं लहान करा. पुढची बरीच वाट त्यांनी मला माझ्या वर्गातल्या मुलांविषयी बोलतं ठेवलं. आपलं लक्ष श्वासावर आहे, लाजेवर नाही, हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं.

त्यांनी आणखी एक दाखवून दिलं, ते बहुतेक ग्रुपना माहीत नसतं. पुढची मंडळी वळणावर थांबतात, पाणी पितात, गप्पा मारतात. मागचा माणूस धापा टाकत तिथं पोचतो, की ही मंडळी उठतात आणि चालू लागतात. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त विसाव्याची गरज, त्यालाच विसावा नाही. दोन तास असं झालं की तो माणूस मनातून खचतो आणि समजतो की आपल्यातच काही कमी आहे. कमी त्याच्यात नसतं, चालण्याच्या रीतीत असतं. काकांनी पुढच्या वळणावर सगळ्यांना बसवून ठेवलं, मी पाच मिनिटं टेकले, मग मला पुढून दुसऱ्या नंबरावर चालायला लावलं. त्यानंतर मी थांबले नाही. गडावर वस्ती आहे, तिथल्या एका घरी आम्ही पाणी प्यायलो.

पण माझ्या दृष्टीनं खरी गोष्ट उतरताना घडली. काका म्हणाले, ‘‘आता डोकी मोजायचं काम तुमचं. प्रत्येक वळणावर 17 भरली पाहिजेत. भरली नाहीत तर कुणाला हलू द्यायचं नाही.’’ तिसऱ्या वळणावर 15 भरली. दोन पोरं फोटो काढत मागे राहिली होती आणि पुढचे निघाले होते. मला ओरडावं लागलं. ‘‘थांबा! दोघं यायचीत!’’ सगळे थांबले. माझ्याहून वयानं मोठी माणसं, अधिकारी माणसं, माझ्या एका शब्दावर जागच्या जागी उभी राहिली. कारण मी सांगत होते ते खरं होतं आणि ते मोजणारं तिथं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर गडाची आठवण कमी आणि त्या ओरडण्याची जास्त येत होती.

बी.एड.ला असताना मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बंडुरा यांचा सिद्धान्त परीक्षेपुरता पाठ केला होता. 1977 साली त्यांनी मांडलं की ‘हे मला जमेल’ हा विश्वास चार वाटांनी येतो. सर्वांत पक्की वाट म्हणजे स्वतः करून पाहिलेलं काम. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं. तिसरी, कुणी धीर देणं. आणि चौथी, आपल्याच शरीराच्या खुणांचा आपण काय अर्थ लावतो ती. एकट्यानं जिममध्ये घाम गाळला तर पहिली वाट मिळते, दुसरी आणि तिसरी ग्रुपमध्येच मिळतात. चौथीबद्दल मात्र मला थोडं सविस्तर सांगायचंय, कारण तुमचा कोरडा घसा तिथंच बसतो.

चढावर छाती धडधडते, तोंड सुकतं, हाताला घाम येतो. बैठकीत बोलायला उठलं की नेमकं हेच होतं. पूर्वी ही लक्षणं जाणवली की मला वाटायचं, आता आपली फजिती होणार. पाच-सहा वेळा गड चढल्यावर हीच धडधड ओळखीची झाली. तिच्यासकट चालता येतं आणि थोड्या वेळानं ती आपोआप खाली बसते, हे शरीरानं अनुभवलेलं होतं. पुढच्या जूनमध्ये शाळेच्या बैठकीत मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नसतं हा विषय मी काढला. आवाज कापत होता. पण मी वाक्य पूर्ण केलं, अगदी काकांनी सांगितलं होतं तसं, पावलं लहान करून. पाण्याची सोय व्हायला पुढे चार महिने लागले, ते वेगळं. आजही बोलायला उठले की धडधडतं. ते जाईल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

पुढे एकदा बदामीला गेलो. तिथले लाल वालुकाश्माचे कडे देशभरातल्या प्रस्तरारोहण करणाऱ्यांना ओढून आणतात. मला वाटलं होतं चढण्यात मजा असेल. मी चढलेही, जेमतेम दोन माणसांच्या उंचीएवढी. पण माझ्या लक्षात राहिलं ते बिले देणं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणं. चढणाऱ्याच्या कमरेच्या हार्नेसला बांधलेला दोर वर जाऊन खाली आपल्याकडे येतो. तो चढेल तसा आपण सैल दोर ओढून घ्यायचा, आणि ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा हात दोरावरून क्षणभरही काढायचा नाही. माझं वजन 52 किलो. माझ्या दोरावर चढत होता गोकाककडचा एक मुलगा, फाउंड्रीत काम करणारा, 85 किलोचा. तो सुटला तर मी वर उचलली जाईन म्हणून प्रशिक्षकांनी मला मागच्या खडकाशी वेगळ्या दोरानं बांधून ठेवलं. त्याला मराठी तुटकं येत होतं, मला कन्नड तुटकं. अर्ध्या कड्यावर त्याचे पाय थरथरायला लागले. मी खालून ‘‘निधान, निधान’’ म्हणत राहिले, म्हणजे सावकाश. त्याचा पाय निसटला, दोर ताणला, मी एक पाऊल पुढे खेचली गेले आणि तो हवेत लटकला. वरून त्यानं विचारलं, ‘‘अक्का, धरलंय न्हवं?’’ धरलं होतं. अंगानं थोराड असलेल्या त्या मुलाचा भार माझ्या हातात होता आणि हात सुटला नव्हता. तो पुन्हा चिकटला आणि वरपर्यंत गेला.

तुमच्या वजनाची तुम्हाला लाज वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. दोराच्या दुसऱ्या टोकाला वजनदार, शांत माणूस असला की चढणाऱ्याला किती बरं वाटतं, ते बदामीत कुणालाही विचारा.

आपल्या भागात ही रीत नवी नाही. वैशाखात शिवजयंतीला गावोगावची मुलं गडावरून शिवज्योत आणतात, ती आठवा. रात्रभर पळत मशाल गावात आणायची. जो चांगला पळतो तो लांब पळतो, ज्याला दम लागतो तो दोनशे पावलं पळून पुढच्याच्या हातात देतो. पण त्या दोनशे पावलांत ज्योत विझली तर सगळ्यांचीच विझली, म्हणून त्या मुलालाही तितक्याच जपणुकीनं सोबत पळत नेतात. गावात ज्योत आली की त्याच्याही कपाळाला गुलाल असतो. माझ्या वर्गातली सगळ्यात अबोल मुलं ज्योत आणून आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावर बसलेली मी पाहिलीत.

म्हणून ग्रुपबरोबर जा, पण कुठल्याही ग्रुपबरोबर नको. मागे पडणाऱ्याची चेष्टा करणारे, ‘‘एवढ्यात दमलास?’’ म्हणणारे लोक असतील तर तिथून मुकाट्यानं बाजूला व्हा. तशा एका ग्रुपबरोबर मी एकदा गेले होते आणि परतल्यावर दोन महिने कुठंच गेले नाही. चेष्टेनं माणूस कणखर होतो हे साफ चूक आहे. ग्रुप कसा आहे ते मागे फिरायच्या वेळी कळतं. एका जुलैत आम्ही जांबोटीच्या बाजूला होतो. ओढ्याला पाणी गुडघ्याएवढं, गढूळ. कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, ‘‘मला भीती वाटतेय.’’ ग्रुप नेणारे पुढारी लगेच म्हणाले, ‘‘चला, परत.’’ 14 जण एका वाक्यावर मागे वळले, कुणी कुरकुर केली नाही. कणकुंबीच्या डोंगरात पाऊस पडला की तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी खालचा ओढा बघता बघता चढतो, हे त्या पुढाऱ्यांना ठाऊक होतं. आणि त्या मुलीनं चौदा जणांसमोर ‘भीती वाटते’ म्हणायचं धाडस केलं. त्या दिवशी आमच्यात सगळ्यांत मोठं धाडस तिनंच केलं असं मी मानते.

याच कारणानं सुरुवात पावसाळ्यात करू नका. भीमगडाच्या बाजूला तर वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकायचं नाही. ते अभयारण्य आहे, गवे आणि अस्वलं आहेत.

तुम्ही आधी राजहंसगड करा. येळ्ळूरजवळचा, शहरापासून फार लांब नाही, आणि जवळजवळ वरपर्यंत रस्ता आहे. त्यामुळे वाटेत थांबलात तरी अडकून पडल्यासारखं वाटणार नाही. त्याआधी तीन-चार आठवडे रोज अर्धा तास चाला. टिळकवाडीतला वॅक्सिन डेपो सकाळी त्यासाठी छान आहे, झाडी आहे, सावली आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तेवढा यातच होतो. रक्तदाब, साखर किंवा छातीत दुखण्याचा काही त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. नवे बूट थेट गडावर नेऊ नका, आठवडाभर कामावर घालून मऊ करा.

आणि निघायच्या आदल्या दिवशी, जो मुलगा ग्रुप नेतो त्याला फोन करून दोन वाक्यं सांगा. ‘‘मी सावकाश चालतो. मला काहीतरी काम दे.’’ पहिलं वाक्य सांगितलं की तो तुम्हाला पुढे चालवेल. दुसरं सांगितलं की तुमच्या पाठीवर प्रथमोपचाराची पेटी येईल, किंवा सगळ्यांचं पाणी, किंवा डोकी मोजायचं काम. पेटी आली तर उघडून आत काय आहे ते नीट पाहून ठेवा, कारण कुणाला खरचटलं की हाक तुम्हालाच येणार आहे.

रविवारी जाऊन आलात की सोमवारी मांड्या दुखतील आणि मंगळवारी त्याहून जास्त. चढल्यामुळे नाही, उतरल्यामुळे. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यामुळे दुखणं एक-दोन दिवसांनी वर येतं. कारखान्यातला जिना उतरताना कठडा धरा. गुरुवारपर्यंत पाय मोकळे होतील, मग सकाळी पुन्हा वॅक्सिन डेपोला या. मी साडेसहाला तिथं असते.