'चुंबकीय कवच' की 'चुंबकांबर'?

नव्या पनवेलच्या एका शिक्षिकेने विचारले आहे, की पृथ्वीभोवतीच्या चुंबकीय प्रदेशाला 'चुंबकीय कवच' म्हणावे की 'चुंबकांबर'. 'चुंबकांबर' म्हणावे. भारतीय भूचुंबकत्व संस्था ज्या गावात आहे, तिथल्या वर्गांतही 'कवच' रुळावे, याचा मला मनापासून खेद होतो.

कवच म्हटले की आपल्याला कर्ण आठवतो आणि मंगळाची हकीकतही त्याच साच्यात सांगितली जाते: सुमारे ४ अब्ज वर्षांपूर्वी ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र लोपले, म्हणून हवा गेली. मग शुक्राचे काय? त्याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र नाही, तरीही त्याच्या पृष्ठभागावरचा हवेचा दाब पृथ्वीच्या सुमारे ९० पट आहे. मंगळाचे वस्तुमान पृथ्वीच्या जेमतेम एक दशांश असून त्याचा मुक्तिवेग, म्हणजे त्याच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ५ किलोमीटरच आहे; शिवाय तिथून निसटणाऱ्या ऑक्सिजनचा मोठा वाटा विद्युतभाररहित अणूंचा आहे आणि अशा अणूंना चुंबकीय क्षेत्र अडवू शकत नाही.

आता 'अंबर' पाहा. अमरकोशाने या शब्दाचे आकाश आणि वस्त्र असे दोन्ही अर्थ दिले आहेत. आयनांबर, स्थितांबर ही वातावरणाच्या थरांची नावे घडवणाऱ्यांच्या मनात केवळ आकाश असेलही, परंतु माझ्या मते चुंबकांबरात वस्त्राचाच अर्थ अधिक खरा ठरतो, कारण वस्त्र वारा अडवते तसे तो धरूनही ठेवते. पृथ्वीचे चुंबकांबर सूर्याच्या बाजूला पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत पसरलेले असल्यामुळे ते बहुतेक सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारा विद्युतभारित कणांचा झोत, बाजूने वळवते खरे, पण एवढ्या मोठ्या विस्तारामुळे त्या वाऱ्यातली बरीच ऊर्जाही पकडते आणि ध्रुवांकडे उतरवते. तिथल्या उघड्या, म्हणजे दुसरे टोक अवकाशात मोकळे असलेल्या, चुंबकीय बलरेषांवरून हायड्रोजन, हेलियम आणि ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) वर चढतात व त्यांतले काही कायमचे अवकाशात निघून जातात. पृथ्वी, शुक्र आणि मंगळ यांच्यावरून होणारी आयनांची आजची गळती ढोबळमानाने सारख्याच प्रमाणाची भरते, हे कवचवाद्यांनी एकदा तरी विचारात घ्यावे.

अंबर म्हणजे केवळ आकाश, असा हट्ट धरणाऱ्या शुद्धिवाद्यांशीही माझे पटत नाही. त्यांनी 'पीतांबर' आणि 'दिगंबर' या शब्दांचे विग्रह करून पाहावेत.