शिमल्याच्या चढासाठी कोणती स्कूटर?

प्रश्न : मुलीला शिमल्यात नोकरी लागली. वजन 58 किलो, रोज सहा-सात किलोमीटर, पाठीमागे कधी मैत्रीण. इथली 110 सीसी गाडी रेल्वेने पाठवू का? – एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, पाठवू नका. आपलं नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटरवर, शिमला 2,200 वर. तिथली हवा विरळ, म्हणून पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण पाचव्या हिश्शानं घटते. डबलसीट चढावर 110 सीसी धापा टाकेल. 125 सीसीच घ्या. सुझुकीची अ‍ॅक्सेस 125 किंवा टीव्हीएसची ज्युपिटर 125, पण पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल.

चढापेक्षा मला काळजी उताराची आहे. स्कूटरला गिअर नसतात, त्यामुळे इंजिन गाडीला फारसं रोखून धरत नाही. सगळा भार ब्रेकवर. चिखलदऱ्याहून उतरताना मी मागचा ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवला होता. अर्ध्या घाटात तो इतका तापला, की लिव्हर दाबूनही गाडी थांबेना. तेव्हापासून दोन्ही ब्रेक मिळून, थोडं दाबून सोडत उतरते. मुलीला हे नक्की शिकवा.

चढावर थांबल्यावर दोन्ही पाय टेकायलाच हवेत. आपल्या नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर कुणाची 125 सीसी गाडी उसनी घेऊन, मागे कुणाला बसवून तिला चालवू द्या.

गाडी शिमल्यातच घ्या. महाराष्ट्राची पासिंग बारा महिन्यांवर तिथं चालत नाही, पुन्हा नोंदणी आणि कर आलाच. आणि बर्फ पडला की त्या दिवशी बस.