शेअर तारण कर्ज पहिल्यांदाच घेताय?

ठाण्यात घोडबंदरला फ्लॅट घ्यायचाय आणि टोकनसाठी (बुकिंगची आगाऊ रक्कम) शेअर विकण्याऐवजी तारण ठेवून कर्ज काढायचा विचार असेल, तर तो वाईट नाही. फक्त मंजूर मर्यादा म्हणजेच उचलायची रक्कम, हा घोळ करू नका.

समजा १० लाखांचे शेअर, कर्जाची मर्यादा त्यांच्या किमतीच्या ५० टक्के, म्हणजे ५ लाख. तुम्ही ४.८० लाख उचललेत. शेअर १० टक्के पडले की तारण ९ लाखांचं, मर्यादा ४.५० लाख. झाली ३० हजारांची तूट! ती रोख भरा, नाहीतर आणखी ६० हजारांचे शेअर प्लेज करा, म्हणजे तारण ठेवा (दुप्पट, कारण त्यांचीही निम्मीच किंमत धरतात). तेच ३.५० लाख उचलले असतेत, तर व्याज सोडून ३० टक्के पडझड झाली तरी निभावतं.

सही करण्याआधी एवढं बघा:

- तूट भरायला करारात किती दिवस दिलेत? मुदत टळली की तुमचे शेअर विकले जातात, तेही पडलेल्या भावात.
- सगळं तारण एकाच कंपनीचं नको.
- दरमहा चढणारं व्याज भरत राहा. थकलं, तर ते उचललेल्या रकमेत मिळतं आणि बाजार जागेवर असूनही तूट दिसू शकते.
- डीमॅट खात्याला चालू मोबाइल नंबर आहे ना? प्लेजचा ओटीपी त्यावर येतो. ऐन घाईत जुना नंबर निघाला, की मुदतीतले दिवस त्यातच जातात.